व्हिटॅमिन डी ११ निघालं. त्यामुळेच स्तनाचा कर्करोग झाला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५४, पाळी जाऊन चार वर्षं झाली. डाव्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो झाली, आता शरीरातलं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बंद करणारी लेट्रोझोलची गोळी सुरू आहे. केमो संपल्यावर केलेल्या तपासणीत व्हिटॅमिन डी ११ आलं. कुणीतरी पाठवलेल्या लेखात वाचलं की ज्यांची पातळी ६० च्या वर असते, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण ८२ टक्क्यांनी कमी असतं. तेव्हापासून झोप उडाली आहे. विचारायचं आहे ते असं: कमतरतेमुळेच हे झालं का? आता पातळी ६० ते ८० वर नेली तर आजार परत यायचा थांबेल का? आणि २६ वर्षांच्या मुलीला आत्तापासूनच मोठे डोस द्यायचे का?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो विचारताना तुम्ही स्वतःला दोष देत आहात हे स्पष्ट दिसतंय. नाही. ११ या आकड्यामुळे तुम्हाला कर्करोग झाला, असं म्हणायला आधार नाही. गेली वीसेक वर्षं मी डॉक्टर म्हणून याच आजाराचे रुग्ण पाहते आहे. "मी जरा उन्हात बसले असते तर," "वेळेवर गोळ्या घेतल्या असत्या तर" हे शब्द माझ्या खोलीत इतक्या वेळा उमटले आहेत की त्यांना उत्तर देणं हा मला उपचाराचाच भाग वाटतो. पण हे ११ तसंच सोडायचंही नाही. ते वर आणायलाच हवं, आणि त्याचं कारण तुमची हाडं आहेत. दोन्ही गोष्टी नीट उलगडून सांगते.

आधी त्या आकड्याकडेच बघू. रिपोर्टवर जे मोजलेलं असतं ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. त्वचेवर ऊन पडल्यावर किंवा अन्नातून, गोळीतून आलेलं व्हिटॅमिन डी यकृतात जातं आणि तिथे त्याचं हे रूप होतं. रक्तातलं याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे रिपोर्ट तुम्हाला मागच्या दोन-तीन महिन्यांची गोष्ट सांगतो, त्याआधीची नाही. आता तुमचे मागचे महिने आठवा. ऑपरेशन, मग केमो, घरात पडून राहणं, तोंडाला चव नाही, बाहेर पडायचं त्राण नाही. शिवाय अंगात दाह असला, मोठं ऑपरेशन झालेलं असलं, की ही पातळी तशीही खाली येते. स्तनातली गाठ हाताला लागण्याएवढी व्हायला मात्र बहुतेक वेळा कित्येक वर्षं गेलेली असतात. केमोनंतर घेतलेल्या रक्तावरून तेव्हाच्या पातळीबद्दल काहीच सांगता येत नाही. तुमच्या बाबतीत आजार आधी आला आणि ११ नंतर, ही शक्यताच जास्त आहे.

(रिपोर्टवरचं एककही एकदा बघून घ्या. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर छापतात, काही नॅनोमोल प्रति लीटर. एक नॅनोग्रॅम म्हणजे अडीच नॅनोमोल. ११ नॅनोग्रॅम खरंच कमी आहे, तर ११ नॅनोमोल म्हणजे जेमतेम साडेचार नॅनोग्रॅम, अगदीच तळाला. लेखातले ६० आणि तुमचे ११ एकाच मापातले आहेत ना, हे न बघता तुलना करू नका. मी पुढे पातळीचे जे आकडे देते ते नॅनोग्रॅमचे आहेत.)

आता ही कल्पना आली कुठून ते सांगते, कारण ती कुणी हवेतून काढलेली नाही. १९८० मध्ये सेड्रिक आणि फ्रँक गारलँड या भावांनी अमेरिकेच्या नकाशावर आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू पाहिले आणि ऊन कमी असलेल्या भागात ते जास्त असल्याचं दाखवलं. १९९० मध्ये त्यांच्याच गटाने स्तनाच्या कर्करोगाबद्दल तसंच चित्र मांडलं. मधल्या काळात, १९८१ मध्ये, प्रयोगशाळेतून दोन महत्त्वाच्या गोष्टी पुढे आल्या होत्या. व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप, म्हणजे कॅल्सिट्रिऑल, घातल्यावर मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावली आणि रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी साध्या, शहाण्या पेशींसारख्या वागू लागल्या. पुढे कळलं की स्तनाच्या पेशींमध्येही व्हिटॅमिन डीचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारी जागा, असतो आणि कॅल्सिट्रिऑल तयार करणारं एन्झाइमसुद्धा असतं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग झाले तेव्हा त्यांचीही वाढ रोखली गेली. त्या वेळी या विषयावर काम करणाऱ्यांना किती आशा वाटली असेल, ते मी समजू शकते. मलाही वाटली होती. अडचण एवढीच की प्रयोगशाळेतल्या बशीत जेवढं कॅल्सिट्रिऑल वापरतात तेवढं माणसाच्या रक्तात गेलं तर कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर चढतं.

मग माणसांवरचे अभ्यास सुरू झाले. कर्करोग झालेल्या बायका आणि न झालेल्या बायका यांचं रक्त तपासलं, तेव्हा कर्करोग झालेल्यांमध्ये पातळी कमी दिसली, आणि फरक मोठा होता. पण यातल्या पुष्कळ अभ्यासांत रक्त घेतलं होतं निदानानंतर. जिथे रक्त आधी घेऊन ठेवलं होतं आणि पुढची काही वर्षं कुणाला कर्करोग होतो हे पाहिलं, तिथे तोच फरक फिका पडला. तुमच्या ११ बद्दल मी वर जे म्हटलं, तेच इथे हजारो बायकांच्या आकड्यांत दिसतं.

दुसरा गुंता वजनाचा. व्हिटॅमिन डी चरबीत विरघळतं आणि तिथेच साठून राहतं, म्हणून वजन जास्त असलेल्यांच्या रक्तात ते कमी दिसतं. आणि पाळी गेल्यानंतर जास्तीचं वजन हे स्तनाच्या कर्करोगाचं पक्कं, सिद्ध झालेलं कारण आहे, कारण त्या वयात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होतं. व्यायामाचंही तसंच. जी रोज बाहेर चालायला जाते तिला ऊन मिळतं, तिचं वजन आटोक्यात राहतं आणि व्यायामाने कर्करोगाचा धोकाही थोडा कमी होतो. तिच्या रक्तात डी भरपूर दिसेल. पण तिला वाचवलं कशाने, हे नुसता डीचा आकडा बघून कसं ठरवणार?

हा गुंता सुटतो तो चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचण्यांमध्ये. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कुणाला काय मिळतंय हे कुणालाच ठाऊक नाही.

अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये पाळी गेलेल्या ३६,२८२ बायकांवर अशी चाचणी झाली. अर्ध्या जणींना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डी आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम, सरासरी सात वर्षं. २००८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निकाल आले: गोळी घेणाऱ्यांत ५२८ जणींना, न घेणाऱ्यांत ५४६ जणींना. म्हणजे फरक नाहीच. याच अभ्यासातली एक बाब मला सगळ्यात बोलकी वाटते. सुरुवातीला घेतलेल्या रक्तात कमी डी असलेल्यांना कर्करोग जास्त झाल्यासारखं दिसत होतं. पण वजन आणि शारीरिक हालचाल हिशेबात धरली आणि तो संबंध नाहीसा झाला.

"४०० युनिट म्हणजे फारच कमी," हा आक्षेप रास्त होता. म्हणून पुढे व्हायटल नावाची चाचणी झाली. २५,८७१ जण, पन्नाशी ओलांडलेले पुरुष आणि ५५ च्या पुढच्या बायका, रोज २००० युनिट, मध्यम कालावधी ५.३ वर्षं. निकाल २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आले. स्तनाचा कर्करोग गोळी घेणाऱ्यांत १२४ जणींना, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत १२२ जणींना. यावरही एक खरी मर्यादा सांगायला हवी: यात भाग घेतलेल्यांची सुरुवातीची सरासरी पातळी ३० च्या वर होती, म्हणजे बहुतेक जण मुळात कमतरतेत नव्हतेच. तरीसुद्धा, आधीच पुरेसं असलेल्या माणसाला आणखी देऊन स्तनाचा कर्करोग टळत नाही, एवढं यातून स्वच्छ दिसतं. तुमच्या लेखाचा ६० च्या वर जाण्याचा आग्रह नेमका याच ठिकाणी अडतो.

तिसरी वाट जनुकांची. काहींची पातळी जन्मतःच, जनुकांमुळे, थोडी कमी असते; ती वजनावर किंवा उन्हावर अवलंबून नसते. कमी डी हे कर्करोगाचं कारण असतं तर अशा लोकांत कर्करोग जास्त दिसायला हवा होता. स्तनाच्या कर्करोगाबाबत तसं दिसलेलं नाही.

मग ते ८२ टक्के काय आहेत? तो अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. दोन चाचण्यांमधल्या बायका आणि व्हिटॅमिन डीचा प्रसार करणाऱ्या एका संस्थेकडे आपणहून नाव नोंदवलेल्या बायका, अशा मिळून ५,०३८ जणी त्यात एकत्र केल्या. कर्करोग झाला एकूण ७७ जणींना. तुलना केली ती रक्तातल्या पातळीप्रमाणे, कोणत्या गटाला गोळी मिळाली त्याप्रमाणे नाही. ज्यांची पातळी ६० च्या वर होती त्या बऱ्याचशा या आपणहून आलेल्या गटातल्या. स्वतःचं रक्त पैसे देऊन वारंवार तपासणारी, रोज न चुकता गोळी घेणारी बाई तिच्या बाकीच्या तब्येतीकडेही लक्ष देत असते. आकडा खोटा नाही. पण "पातळी ६० वर नेली की धोका ८२ टक्क्यांनी घटतो" असं त्यातून निघत नाही, आणि ते तसंच सांगत फिरणाऱ्या लेखांनी माझ्या रुग्णांचं नुकसान केलेलं मी पाहिलं आहे.

रक्तात एखादी गोष्ट कमी दिसते, म्हणून ती गोळीने वाढवली की आजार टळेल, हा विचार वरवर सरळ वाटतो. बीटा कॅरोटिन, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतलं व्हिटॅमिन ए तयार करणारं द्रव्य, त्याच्या बाबतीत नेमका हाच विचार होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली आणि १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. व्हिटॅमिन डी तसं घातक आहे असं मी म्हणत नाही. पण चाचणी होईपर्यंत का थांबायचं, याचं उत्तर त्या निकालात आहे.

तुमचा दुसरा प्रश्न परत येण्याचा. इथे चित्र थोडं वेगळं आहे, आणि इथे मी ठाम "नाही" म्हणत नाही. कॅनडात टोरंटोच्या ५१२ रुग्णांच्या अभ्यासात (२००९) निदानाच्या वेळी डी कमी असलेल्यांना आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. त्याच देशातल्या एका केमोच्या चाचणीतल्या रुग्णांचं साठवलेलं रक्त नंतर तपासलं, तर असा काही संबंध सापडला नाही. २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या १,६६६ रुग्णांच्या अभ्यासात जास्त पातळीवाल्या बायका जास्त जगल्या. या अभ्यासांतही वजन, फिरणं, एकूण तब्येत यांचा गुंता आहेच. ज्यांची प्रकृती आधीपासून नाजूक त्यांची पातळीही कमी असते. दुसरीकडे, सगळ्या प्रकारच्या कर्करोगांच्या चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये केलेल्या विश्लेषणात असं दिसलं की व्हिटॅमिन डीने कर्करोग होणं कमी झालं नाही, पण कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले, आणि तेही मुख्यतः रोजचा छोटा डोस घेणाऱ्यांत. अधूनमधून मोठा डोस घेणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलियात साठीच्या पुढच्या २१,३१५ जणांच्या चाचणीत निम्म्यांना पाच वर्षं महिन्याला ६०,००० युनिट देऊनही त्यांच्यातले मृत्यू घटले नाहीत. म्हणून माझं मत असं: कमतरता भरून काढा, रोजच्या साध्या डोसावर राहा, आणि ६० ते ८० च्या मागे लागू नका. त्या उंचीवर जाऊन कर्करोग परत येणं थांबतं असा पुरावा नाही.

त्याच्या शेजारी तुमच्या हातातली लेट्रोझोलची गोळी ठेवून बघा. तुमच्यासारख्या इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या, आजारात या वर्गातली गोळी पाच वर्षं घेतली तर, हार्मोनचा कोणताच उपचार न घेण्याच्या तुलनेत, स्तनाच्या कर्करोगाने दहा वर्षांत होणारे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतात. हे हजारो रुग्णांच्या चाचण्यांतून आलं आहे. आजार परत येऊ नये म्हणून काय करू, असं तुम्ही मला एका वाक्यात विचारलंत तर मी म्हणेन, ही गोळी एकही दिवस चुकवू नका. सांधे दुखतात म्हणून ती परस्पर बंद करून "त्याऐवजी डीचा डोस वाढवते" म्हणणाऱ्या दोन बायका मला भेटल्या आहेत. दोघींनाही मी जवळजवळ हात जोडून परत गोळीवर आणलं.

आणि इथेच व्हिटॅमिन डीची खरी जागा येते. लेट्रोझोल शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेनही बंद करतं. कर्करोगाच्या पेशींची उपासमार होते, पण इस्ट्रोजेन हाडांचीही राखण करत असतं. ते गेलं की हाडांची घनता वर्षाला साधारण दोन टक्क्यांच्या आसपास झिजू लागते. त्यात व्हिटॅमिन डी ११ असेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला शरीर हाडांमधून ते काढून घेतं. एकाच वेळी दोन बाजूंनी हाड पोखरलं जातं. तुमचं ११ मला खटकतं ते यासाठी. लेट्रोझोल सुरू होताना हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन व्हायला हवा. तुमचा झाल्याचं प्रश्नात दिसत नाही. पुढच्या भेटीत तो मागून घ्या.

डॉक्टर कदाचित हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शनही सुचवतील, बहुधा दर सहा महिन्यांनी, तीन ते पाच वर्षं. घाबरू नका, ते आजार हाडांत पसरला म्हणून नसतं. पाळी गेलेल्या बायकांत या वर्गातल्या औषधांनी हाडांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १८ टक्क्यांनी कमी होतात, असं १८,७६६ बायकांच्या माहितीवरून २०१५ मध्ये दिसलं आहे. पण हे इंजेक्शन घेण्याआधी व्हिटॅमिन डी भरलेलं असायलाच हवं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या, दुसरीकडे इंजेक्शन घेऊन तिसऱ्या दिवशी. ओठांभोवती मुंग्या येत होत्या. रक्तदाब मोजायला पट्टा फुगवला आणि त्यांचा हात मनगटात वळून बोटं आपोआप एकत्र जुळली, चिमूट धरल्यासारखी. कॅल्शियम ६.८ होतं, व्हिटॅमिन डी ७. हाडातून कॅल्शियम बाहेर यायची वाट औषधाने बंद केली होती आणि आतड्यातून आत यायची वाट डी नसल्यामुळे आधीच बंद होती. शिरेतून कॅल्शियम दिलं, त्या बऱ्या झाल्या. एका रक्ततपासणीने हे टळलं असतं. तेव्हापासून डी आणि कॅल्शियमचा रिपोर्ट समोर असल्याशिवाय मी ते इंजेक्शन लिहीत नाही. दातांची तपासणीही त्याआधीच करून घ्या. दात काढायचा असेल तर तो आधी निघालेला बरा, नाहीतर पुढे जबड्याचं हाड न भरण्याचा त्रास होऊ शकतो.

पातळी वर कशी आणायची? ११ सारख्या पातळीला साधारणपणे आठवड्याला ५०,००० किंवा ६०,००० युनिटचा एक डोस, असे आठ आठवडे देतात, आणि नंतर रोज १००० ते २००० युनिट. जेवणानंतर घ्या; जेवणातल्या तेला-तुपासोबत ते चांगलं शोषलं जातं. कॅल्शियम अन्न आणि गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम पुरे. अन्नातूनच तेवढं जात असेल तर गोळीची गरज नाही. वर सांगितलेल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या चाचणीत गोळ्या घेणाऱ्यांना मूतखडे १७ टक्क्यांनी जास्त झाले होते, हेही ध्यानात असू द्या. आधी कधी मूतखडा झाला असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, सार्कॉइडोसिस (फुप्फुसांत आणि ग्रंथींत दाहाच्या गाठी आणणारा आजार) असेल किंवा रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असेल, तर वरचा डोस तुमच्यासाठी नाही. तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवा. तीन महिन्यांनी परत तपासा. हाडांसाठी २० च्या वर पुरेसं मानतात. लेट्रोझोल घेणाऱ्या रुग्णात मी ३० च्या आसपास असलं की समाधानी असते, आणि ५० च्या वर जाऊ देत नाही.

वर्षाचा सगळा डोस एकदाच घेऊन टाकण्याचा मोह टाळा. सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायकांच्या चाचणीत निम्म्या जणींना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, तर बाकीच्यांपेक्षा त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. हे २०१० मध्येच दिसून आलं आहे.

जास्त झालं तर काय होतं तेही जवळून सांगते. एक रुग्ण, उपचार संपून दोन वर्षं झालेली. नवरा हाताला धरून आत घेऊन आला. तहान भागत नव्हती, रात्री पाच-पाच वेळा लघवीला उठत होती, बद्धकोष्ठता, मळमळ, बोलताना शब्द हरवत होते. कॅल्शियम १३ च्या वर. अशा वेळी आमच्या मनात पहिली भीती येते ती आजार हाडांत पसरल्याची. घरच्यांनाही तेच वाटलं होतं. स्कॅनची चिठ्ठी लिहिता लिहिता मी तिला पिशवीतली औषधं टेबलावर काढायला सांगितलं. आठवड्याचा मोठा डोस, जो आठ आठवड्यांनी थांबवायचा होता, तो ती वर्षभर घेत होती, आणि मध्येच आठवड्यातून दोनदा. कॅल्शियमच्या गोळीत डी होतं. मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी होतं. गुडघ्यांसाठी कुणीतरी दिलेल्या पावडरीत डी होतं. त्याशिवाय दोन इंजेक्शनं झाली होती. पातळी १७० निघाली. स्कॅन स्वच्छ होता. सलाइन आणि औषधांनी ती बरी झाली, पण तो आठवडा त्या घराने कसा काढला ते मी पाहिलं आहे. म्हणून प्रत्येक डब्याच्या मागचे बारीक अक्षरातले आकडे वाचा आणि सगळ्यांची बेरीज करा.

केमोनंतर केस लवकर यावेत म्हणून तुम्ही बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस ते बंद ठेवा, आणि प्रयोगशाळेतही सांगा. मोठ्या डोसातल्या बायोटिनमुळे काही यंत्रांवर व्हिटॅमिन डी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. थायरॉइडचे रिपोर्टही त्याने चुकतात. केस गळलेल्या माझ्या निम्म्या तरी रुग्ण हे घेत असतात आणि औषध म्हणून सांगतही नाहीत.

सांधेदुखीबद्दल थोडं. डी फार कमी असेल तर हाडं आणि स्नायू त्यानेही दुखतात, आणि पातळी भरल्यावर ते दुखणं हलकं होतं. पण लेट्रोझोलमुळे होणारी सकाळची आखडलेली बोटं मोठ्या डोसाने सुटतात असं चाचण्यांमध्ये भरवशाने दिसलेलं नाही. त्यावर व्यायाम जास्त चालतो. १२१ बायकांच्या एका चाचणीत आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम वर्षभर केल्यावर सर्वांत तीव्र दुखणं २९ टक्क्यांनी कमी झालं. तरीही असह्य झालं तर याच वर्गातली दुसरी गोळी देता येते. सांगा, बदलून मिळेल. परस्पर बंद मात्र करू नका.

आता मुलगी. २६ व्या वर्षी तिला कर्करोग टाळण्यासाठी मोठे डोस देण्याचं काहीच कारण नाही. तिच्या वयाला रोज ६०० युनिटची गरज धरतात. निरोगी माणसाची पातळी सरसकट तपासत बसू नये, असं अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं आहे. याच संघटनेने २०११ मध्ये "३० च्या वर असेल तरच पुरेसं" अशी रेघ आखली होती, तीही आता मागे घेतली आहे. मुलीच्या हातात आहे ते वेगळंच. मद्य टाळणं किंवा अगदी कमी ठेवणं, वजन सांभाळणं, नियमित व्यायाम, पुढे मूल झालं तर जमेल तेवढं स्तनपान. स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे धोका साधारण ४.३ टक्क्यांनी घटतो, हे ३० देशांतल्या ४७ अभ्यासांतून आलेलं आहे. स्तनात काही वेगळं जाणवलं तर महिने न घालवता दाखवणं, हेही तिला सांगून ठेवा.

पण तिच्यासाठी तुम्ही आत्ता करण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्याच रक्ताची आहे. नव्याने निदान झालेल्या ६५ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक रुग्णाला बीआरसीए जनुकांची (ज्यांतल्या बदलामुळे स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग घराण्यात दिसतो) तपासणी देऊ करावी, असं अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ मध्ये सुचवलं आहे. तुम्ही ५४ च्या आहात. आई, मावशी, आत्या, बहिणी यांच्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, कोणत्या वयात झाला, हे एका कागदावर लिहून घ्या. वडिलांकडच्या बाजूचंही लिहा, ती नेहमी राहून जाते. तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. तुमची तपासणी आधी होऊ द्या. त्यात बदल सापडला तर मुलीचीही करायची, आणि तिची स्कॅनिंग कधी सुरू करायची ते त्यावरून ठरेल.